ड्राइव्हवेच्या तोंडावरचा ढिगारा: ट्रॅक्टरला कोणता स्नोब्लोअर लावायचा?

ट्रॅक्टर आधीपासून दारात आहे, बर्फ दर हिवाळ्यात पडतोच, आणि घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट स्वतःच मोकळी करायची आहे. अशा माणसाने स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "माझ्या ट्रॅक्टरला किती फूट रुंदीचा बसेल?" या प्रकरणातल्या मालकानेही मला तेच विचारलं. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा. त्याआधी ट्रॅक्टर बाजूला ठेवून ड्राइव्हवे चालत जाऊन बघावा लागतो, आणि जिथे तो सार्वजनिक रस्त्याला मिळतो तिथे जरा जास्त वेळ थांबावं लागतं.

काय होतं हाताशी

ट्रॅक्टर ३५ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअर न बदलता पेडलनेच वेग कमी-जास्त करता येणारा. पुढे लोडर आणि बकेट. पीटीओवर, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टवर, प्रत्यक्ष मिळणारी ताकद २८ एचपीच्या आसपास. इंजिनचा आकडा आणि पीटीओचा आकडा यांत फरक असतोच, हायड्रोस्टॅटिकमध्ये थोडा जास्तच. ब्लोअरचा हिशोब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करायचा. मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी १.४५ मीटर. टायर औद्योगिक नक्षीचे, रुंद ठोकळ्यांचे. खडीवर ते छान चालतात, घट्ट झालेल्या बर्फावर साबणासारखे घसरतात.

ड्राइव्हवे १४० मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद. घरासमोरचा तुकडा डांबरी, बाकी सगळी खडी. घराकडून रस्त्याकडे उतार, मधल्या टप्प्यात साधारण दहा मीटरला एक मीटर. एका अंगाला कंबरेएवढं कुंपण, दुसऱ्या अंगाला स्वतःचंच उघडं शेत, आणि वारा बहुतेक वेळा त्या शेतावरूनच येतो. शिवाय शेजारच्या दोन घरांचे छोटे डांबरी ड्राइव्हवे. तेही "जमलं तर" साफ करून द्यायचे होते.

आतापर्यंत काम चालायचं लोडरच्या बकेटने. पहिले दोन-तीन बर्फ त्याने सहज निघतात. मग कडेला रचलेले ढीग गोठतात, पुढचा बर्फ ढकलायला जागा उरत नाही आणि हिवाळा अर्ध्यावर येईतो साडेतीन मीटरची वाट गाडीपुरती उरते. वर बकेटची धार खडी खरवडून शेतात नेऊन टाकते ती वेगळीच. प्लाऊ, म्हणजे पुढे लावायचं तिरकं पातं, हाही पर्याय होता. हलक्या बर्फाला त्याच्याइतकं झटपट काही नाही. पण पातं बर्फ फक्त सरकवतं, कुठे तरी रचतंच. इथली अडचण वेगाची नव्हतीच, जागेची होती. बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र हवं होतं.

आठपट

मोठ्या रस्त्यावरून प्लाऊची गाडी गेली की ती रस्त्यावरचा सगळा बर्फ बाजूला सारते, आणि प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्याचा बांध घालून जाते. त्यात ताजा बर्फ कमी. दाबला गेलेला, ओलसर, मिठाने अर्धवट विरघळून पुन्हा गोठलेला माल जास्त. मधूनमधून चाकांच्या पंखाखालून गळलेले बर्फाचे गोळे, ते तर जवळपास दगडच.

आकड्यात बघू. नुकताच पडलेला कोरडा बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. बसलेला बर्फ २०० ते ३००. वाऱ्याने किंवा प्लाऊने दाबलेला ४०० पर्यंत सहज जातो, आणि निव्वळ गोठलेलं पाणी ९१७. आता १.६ मीटर रुंद ब्लोअर धरा. ३० सेंटिमीटर ताज्या बर्फातून तो एक मीटर पुढे सरकला की त्याच्या तोंडात सुमारे ५० किलो माल येतो. तोंडावरच्या ६० सेंटिमीटर उंच बांधात तोच एक मीटर म्हणजे जवळपास ३८५ किलो. उंची दुप्पट, घनता चौपट, एकूण आठपट.

मोकळ्या ड्राइव्हवेवर ताशी दीड किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याहूनही सावकाश, हा आरामाचा वेग. बांधात यंत्रावर तेवढाच भार ठेवायचा तर वेग आठव्या हिश्शावर आणावा लागेल: सेकंदाला पाच सेंटिमीटर. ताकदीला वाव असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जाता येतं, पण वेगाची जात तीच. आणि एवढ्या संथ गतीत पीटीओ मात्र मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर फिरत राहायला हवा.

इथेच निवडीचा खरा निकाल लागतो. १४० मीटरच्या ताज्या बर्फाला जवळपास कोणतंही यंत्र पुरतं. शेवटचे तीन-चार मीटरच ठरवतात की ट्रान्समिशन कसलं हवं, रुंदी किती झेपेल, ब्लोअर पुढे लावायचा की मागे, आणि शिअर बोल्ट, म्हणजे भार फार वाढला की यंत्र वाचवायला मुद्दाम तुटणारे बोल्ट, किती सोबत ठेवायचे.

फेऱ्या का कमी करायच्या नाहीत

ट्रॅक्टरचे बहुतेक ब्लोअर दोन टप्प्यांचे असतात. समोरचा आडवा मळसूत्री ऑगर बर्फ कापून मधोमध आणतो. मागचा पंखा तो उचलून च्यूटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या नळीतून, भिरकावतो. कॅनडातल्या क्वेबेकच्या आर्थर सिकारने १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेला पहिला चालता स्नोब्लोअर काढला, आणि त्याला ही कल्पना मळणी यंत्र पाहून सुचली असं सांगितलं जातं. पटण्यासारखं आहे, भुसा उडवणाऱ्या मळणी यंत्राजवळ उभा राहिलेला कोणीही च्यूटमधून निघणारा बर्फाचा झोत पाहून दचकणार नाही.

मागे बसणाऱ्या अनेक ब्लोअरमध्ये पंखा थेट पीटीओच्या फेऱ्यांवर फिरतो आणि ऑगर चेन किंवा गिअरमधून त्याहून हळू. पंख्याचा व्यास अर्धा मीटर असेल तर ५४० फेऱ्यांना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १४ मीटर. या वेगाने ४५ अंशात सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला, तर २० मीटरवर पडते. बर्फ हवेत फुटतो, अडतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. आता "इंजिन फार ओरडतंय" म्हणून कोणी थ्रॉटल कमी करून फेऱ्या ३८० वर आणल्या, तर वेग सत्तर टक्के होतो. पण अंतर वेगाच्या वर्गाने घटतं, म्हणजे निम्मं.

या ड्राइव्हवेवर त्याचा अर्थ काय? वारा शेताकडून, म्हणून बर्फ कुंपणापलीकडे फेकायचा. शेताकडच्या पट्ट्यातला बर्फ संपूर्ण वाट ओलांडून, कुंपणावरून पलीकडे जायला हवा. फेऱ्या उतरल्या की तोच बर्फ वाटेच्या दुसऱ्या अर्ध्यावर किंवा कुंपणाच्या बुडाशी पडतो. एकदा उचललेला माल पुन्हा उचलायचा, तोही आता दाबलेला. ओला बर्फ असेल तर तो च्यूटच्या तोंडापर्यंतही पोचत नाही, वाटेतच चिकटतो आणि नळी तुंबते.

थ्रॉटल पूर्ण, आणि भार वाढला की चाकांचा वेग कमी. रोटाव्हेटर चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पुढे, मागे, की ओढत?

चार पर्याय समोर होते.

पुढे बसणारा ब्लोअर मधल्या पीटीओवर चालतो. छोट्या ट्रॅक्टरांमध्ये हा पीटीओ साधारण २००० फेऱ्यांचा असतो. समोर बघून काम करता येतं, मान वळवावी लागत नाही. रोज दोन-तीन तास बर्फ काढणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. पण त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालून फ्रेम आणि शाफ्ट न्यावा लागतो, आणि लोडर उतरवून ठेवावा लागतो. मालकाला हिवाळ्यात लोडर हवाच होता, जळाऊ लाकडासाठी आणि बर्फाचे ढीग उचलण्यासाठीही. वर पुढच्या अ‍ॅक्सलवर ब्लोअरचं वजन आल्यावर मागे तेवढाच तोल लागतो, नाही तर मागची चाकं नुसती फिरतात.

लोडरच्या हातांवर बसणारा, हायड्रोलिक मोटरवर चालणारा ब्लोअर दिसायला आकर्षक. पण ३५ एचपीच्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप जेवढं तेल देतो, त्यातून पीटीओच्या निम्मीही ताकद ऑगरला मिळत नाही. हा पर्याय लगेच बाद.

उरले दोन, दोन्ही थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांवर, मागे बसणारे. एक ओढता: तोंड ट्रॅक्टरकडे, ट्रॅक्टर सरळ पुढे जातो आणि ब्लोअर मागून बर्फ गोळा करतो. दुसरा ढकलता: तोंड मागे, आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवायचा. मालकाचा जीव ओढत्यावर होता. त्याचं म्हणणं सरळ होतं, "मान मोडून काम करायचं वय राहिलं नाही माझं."

ओढता ब्लोअर घराच्या शटरला पाठ लावून तिथला बर्फ ओढून काढतो, हा त्याचा मोठा गुण. पण ट्रॅक्टर आधी बर्फातून जातो आणि ब्लोअर नंतर. वीस सेंटिमीटरला काही बिघडत नाही. अर्ध्या मीटरला चाकं बर्फ दाबून त्याच्या दोन पट्ट्या करतात, त्या ऑगरला नीट निघत नाहीत, आणि उतारावर ट्रॅक्टर पोटावर बसायची भीती. तोंडावरच्या बांधाला तर आधी चाकंच भिडणार. तो बांध आधी बकेटने फोडायचा म्हटलं, तर ज्या कामासाठी ब्लोअर घेतला तेच काम बकेटकडे परत गेलं.

ढकलता ब्लोअर इथे जणू मापाने शिवल्यासारखा बसतो. ट्रॅक्टर घराजवळच्या शेडमध्ये असतो. तिथून रिव्हर्समध्ये निघालं की रस्त्यापर्यंत ब्लोअर पुढे आणि चाकं साफ केलेल्या जागेवर. न काढलेल्या बर्फावर टायर पडतच नाही. बांधाशी पोचलं की ऑगर आधी भिडतो. मग ब्लोअर उचलून पुढच्या गिअरमध्ये घरापर्यंत यायचं आणि दुसरा पट्टा धरायचा. मान दुखते हे खरंच. त्याला थोडा उतारा म्हणजे मागे लावलेला कॅमेरा, बाहेर काढलेले मोठे आरसे आणि सीट जरा फिरवता येत असेल तर ती. तासाभराच्या कामाला एवढं सोसतं. काम तीन तासांचं असतं तर मी पुढच्या ब्लोअरचीच शिफारस केली असती आणि लोडरचं दुखणं दुसऱ्या मार्गाने सोडवलं असतं.

आता रुंदी

मालकाचा आग्रह सहा फुटीचा, म्हणजे १.८३ मीटरचा. हिशोब बिनतोड वाटतो: साडेतीन मीटरची वाट दोन पट्ट्यांत संपते. पाच फूट चार इंचाचा, म्हणजे १.६३ मीटरचा घेतला तर दोन पट्ट्यांत सव्वातीन मीटरच होतात आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीसाठी तिसरी फेरी.

पण साडेतीन मीटरची वाट साडेतीन मीटरच साफ केली तर हिवाळ्याच्या शेवटी ती साडेतीन मीटर राहत नाही. कडा गोठून आत सरकतात. मोसमाच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त काढून ठेवावा लागतो, म्हणजे साडेचार मीटर. ते सहा फुटीने दोन पट्ट्यांत होत नाही. पाच फूट चार इंचीने तीन पट्ट्यांत, कडेकडेने थोडं चढवून, बरोबर होतं. तिसरी फेरी दोन्हींतही आहेच.

ताकदीचा ठोकताळा असा: रुंदीच्या प्रत्येक फुटाला पीटीओचे किमान पाच एचपी. २८ ला पाचने भागा, साडेपाच फूट. सहा फुटी ताज्या बर्फात चालला असता, बांधात धापा टाकल्या असत्या. खालच्या बाजूची मर्यादा चाकांची: ब्लोअर चाकांपेक्षा अरुंद असला तर टायर सतत न काढलेल्या कडेवर चढतो. १.६३ मीटरला दोन्हीकडे नऊ-नऊ सेंटिमीटर शिल्लक राहतात, साखळ्या चढवल्या तरी पुरेसे.

वजनही बघावं लागतं. या मापाचा ब्लोअर पाव टनाच्या आसपास जातो. ट्रॅक्टरच्या कागदावरची उचलण्याची क्षमता कधी लिंकच्या टोकाशी दिलेली असते, कधी टोकापासून ६१ सेंटिमीटर मागे. ब्लोअरचा भार मागच्या बाजूलाच असतो, म्हणून दुसरा, लहान आकडा धरायचा.

शेवटी ठरलं: मागचा, ढकलता, दोन टप्प्यांचा, १.६३ मीटर, च्यूट फिरवायला आणि तिचं टोपण वर-खाली करायला ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारी दोन सिलिंडरं. हाताने फिरवायचं हँडल स्वस्त पडतं, पण मान मागे, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हँडलवर अशी कसरत उतारावर नको.

जोडणी

नवा पीटीओ शाफ्ट बहुधा लांब असतो आणि ट्रॅक्टरच्या मापाने कापावा लागतो. ब्लोअर जोडून सावकाश खालून वरपर्यंत उचलायचा. ज्या ठिकाणी अंतर सगळ्यांत कमी, तिथे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत पूर्ण ठोकले जाता कामा नयेत. ज्या ठिकाणी अंतर सगळ्यांत जास्त, तिथेही एक तृतीयांश लांबी एकमेकांत राहिली पाहिजे. लांब ठेवला तर उचलताना गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, आखूड कापला तर शाफ्ट फिरता फिरता सुटतो. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. सुटलेला शाफ्ट कुणासाठी थांबत नाही. वरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं तर ते बदलल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ब्लोअर पूर्ण उचलताना पीटीओ बंद करायची सवय लावावी, कारण त्या कोनात शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस खडखडतात.

ब्लोअरच्या दोन्ही अंगांचे स्किड शू, म्हणजे जमिनीवर टेकून सरकणारे पाय, खडीसाठी उंच ठेवले, जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर. डांबरी तुकड्यासाठी दरवेळी खाली घ्यायचे असा बेत होता, तो लगेचच बारगळला. त्याऐवजी टॉप लिंक, म्हणजे तीन दांड्यांतला वरचा, थोडी कमी-जास्त करून धार झुकवायची, हे व्यवहारात जमलं.

मागच्या चाकांना हिऱ्याच्या नक्षीच्या साखळ्या. शिडीसारख्या साखळ्या पुढे-मागे पकडतात, पण आडवं घसरणं थांबवत नाहीत, आणि उतारावर आडवं घसरणंच महागात पडतं. लोडर जागेवर ठेवला, बकेट जमिनीपासून हातभर उंचीवर. मागे पाव टन लटकल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. लोडरचं वजन ती खाली धरून ठेवतं.

इथे उतारही उलटाच आहे: रिव्हर्समध्ये जाताना ट्रॅक्टर उताराने खाली जातो आणि वजन आणखी मागे सरकतं. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. म्हणून उतारावर फोर व्हील कधीच सोडायचं नाही. ते लागलेलं असेल तरच पुढची चाकंही रोखायला मदत करतात.

पहिला मोसम

जमीन गोठायच्या आत मालकाने दोन्ही कडांना उंच काठ्या ठोकल्या. पहिले काही सेंटिमीटर बर्फ मुद्दाम काढला नाही, गाडीने दाबून गोठू दिला. खडीवर असा कठीण थर बसला की त्यानंतर दगड ऑगरमध्ये येत नाहीत. तो थर बसेपर्यंत च्यूटचं तोंड घरांकडे, गाड्यांकडे, माणसांकडे वळवायचंच नाही. अंगठ्याएवढी खडी त्या झोतातून खिडकीपर्यंत सहज जाते.

वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फासाठी ब्लोअरपेक्षा एका साध्या गोष्टीचा उपयोग जास्त झाला: शेतात, वाटेपासून लांब, लाकडी पट्ट्यांचं अर्धं उघडं कुंपण. बर्फ त्याच्यामागे साचतो, म्हणून ते वाटेपासून स्वतःच्या उंचीच्या ३५ पट तरी दूर हवं. १.२ मीटर उंचीला ४२ मीटर. जवळ लावलं तर बर्फ नेमका वाटेवर साचवतं. मला विचाराल तर ब्लोअर घेण्याआधी हे करून बघायला हवं होतं, पण नवं यंत्र दिसत असताना कुंपणाचं कोण ऐकतो.

तोंडावरचा बांध पूर्ण रुंदीने कधी खाल्ला नाही. अर्ध्या रुंदीचा घास, सरपटता वेग, इंजिनचा आवाज बसायला लागला की पायाखालचं पेडल सैल. बांध ब्लोअरच्या तोंडापेक्षा उंच असेल तर ट्रॅक्टर वळवून बकेटने वरचा थर काढायचा. बर्फ रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे फेकायचा नाही; बऱ्याच ठिकाणी ते कायद्यानेही चालत नाही, आणि तो तसाही पुढच्या प्लाऊबरोबर परत येतो. त्याहून कामाची युक्ती वेगळी: प्लाऊची गाडी ज्या दिशेने येते, त्या बाजूला तोंडाच्या आधी रस्त्याच्या कडेला एक लांबट खिसा साफ करून ठेवायचा. पात्यावरचा माल त्या खिशात उतरतो आणि तोंडाशी येईतो पातं बरंच रिकामं झालेलं असतं. हे सुरू केल्यावर बांध गुडघ्यावरून घोट्यावर आला.

शिअर बोल्ट तुटले, तुटायलाच हवेत. ऑगर थांबला पण पंखा फिरतोय, तर ऑगरचा बोल्ट गेला. दोन्ही थांबले आणि शाफ्ट फिरतोय, तर शाफ्टवरचा. एकदा सोबतचे संपले तेव्हा मालकाच्या मुलाने पेटीतून त्याच मापाचा एक चकचकीत बोल्ट काढला. डोक्यावर १०.९ कोरलेलं होतं. मालकाने तो हातातून काढून घेतला हे नशीब. असा कडक बोल्ट तुटत नाही; त्याऐवजी गिअरबॉक्स तुटतो. पुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचे मूठभर बोल्ट आता टूलबॉक्समध्ये कायम असतात.

शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेंनीच जास्त तापवलं. जागा छोटी, गाड्या उभ्या, बर्फ फेकायला दिशा एकच, आणि बर्फाखाली काय काय दडलेलं. एका दारासमोरचं रबरी पायपुसणं ऑगरला असं गुंडाळलं की सुरीने कापून काढावं लागलं. इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं थांबल्याची खात्री, आणि तरीही च्यूटमध्ये हात न घालता काठी. अडकलेल्या पंख्यात ताण साठलेला असू शकतो. अडथळा निघताच तो झटक्यात फिरतो. रिव्हर्समध्ये काम करताना मागे मूल किंवा कुत्रं आलं तर कॅमेऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून नियम असा ठरला: गाड्या आधी हलवायच्या, घरातली माणसं काम संपेपर्यंत आत, नाहीतर त्या दिवशी ड्राइव्हवे राहिला. पैसे घ्यायचे का, हा विषय निघाला तेव्हा आधी विम्याचे कागद वाचायला सांगितले. घरगुती वापराचा विमा दुसऱ्याच्या आवारातल्या मोबदल्याच्या कामाला लागू असेलच असं नाही.

उरलं ते पाणचट, अर्धवट वितळलेल्या बर्फाचं काम. अशा दिवशी पूर्ण फेऱ्या, आत मेण किंवा सिलिकॉन फवारलेली च्यूट आणि न थांबता चालणं यांनी बरंच निभावतं. पण दोन बोटं चिखलबर्फ असेल तर ब्लोअर काढूच नये. तिथे बकेट किंवा मागचं पातं बरं.

मोसम संपता संपता शेजारी आला. त्याच्याकडे जुना, साध्या गिअरचा, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. ताकद जास्त, मग हाच ब्लोअर त्यालाही चालेल ना? मी त्याला एवढंच करून बघायला सांगितलं: पीटीओ चालू ठेवून क्लच अर्धाच, ट्रॅक्टर थांबेल एवढाच, दाबा. पीटीओही थांबला तर क्लच सिंगल आहे. म्हणजे बांधात शिरून थबकायला क्लच दाबला की पंखाही थांबणार आणि च्यूट तिथल्या तिथे तुंबणार. पीटीओ फिरत राहिला तर ड्युअल क्लच. मग पुढचा प्रश्न रिव्हर्सच्या सगळ्यात खालच्या गिअरचा: पूर्ण थ्रॉटलवर ट्रॅक्टर किती हळू मागे येतो? त्याने करून पाहिलं. क्लच ड्युअल निघाला, पण रिव्हर्सचा खालचा गिअर ताशी अडीच किलोमीटरचा. ताज्या बर्फाला चालेल, बांधाला नाही. त्याला क्रीपर गिअर, म्हणजे अगदी सरपटत्या वेगाचा गिअर, बसवून मिळतो का ते आधी बघ म्हटलं. मिळत नसेल तर ब्लोअरचा नाद सोडून पातं घ्यावं, आणि तोंडावरच्या बांधासाठी या मालकाशी बोलून ठेवावं.